पुरावा कोणी द्यावयाचा?

मुलांच्या हातातला मोबाईल हा हल्ली घराघरांतल्या तक्रारीचा विषय होऊन बसला आहे. घरभेटीसाठी पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या कोणत्याही वाड्यावर आम्ही गेलो, की चहाचा कप पुढे येण्यापूर्वीच घरची माउली गाऱ्हाणे सुरू करते, "फादर, ह्याला जरा सांगा हो. डोळे जाणार ह्याचे." चिरंजीव कोपऱ्यात मान खाली घालून बसलेले असतात, मान खाली असण्याचे कारण मात्र लाज नसून तोच मोबाईल असतो. डोळ्यांविषयी डॉक्टरांनी सांगावे, वेळेविषयी आईबापांनी. आम्हाला आज लिहावयाचे आहे ते या गाऱ्हाण्यात सहसा न येणाऱ्या एका गोष्टीविषयी. या खेळांच्या निमित्ताने आमची मुले माणसांविषयी बोलण्याचे काही शब्द शिकत आहेत, आणि त्या शब्दांकडे वडीलधाऱ्यांचे लक्ष नाही.

वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक नसेल, परंतु व्हिडिओ गेमच्या दुनियेत गेली दहा-बारा वर्षे एक मोठा वाद चालू आहे. खेळातला नायक कोणी असावे, हा तो वाद. पूर्वी या खेळांतले शूर शिपाई, साहसी प्रवासी आणि जगाचे तारणहार बहुतेक करून गोरे पुरुष असत. पुढे खेळ तयार करणाऱ्या कंपन्या स्त्रिया, कृष्णवर्णीय, आशियाई, अपंग अशा माणसांनाही नायकाची जागा देऊ लागल्या. २०१५ साली ‘फिफा १६’ या फुटबॉलच्या खेळात प्रथमच बारा देशांचे महिला संघ आले. २०१८ साली दुसऱ्या महायुद्धावरील ‘बॅटलफील्ड ५’ या खेळाच्या जाहिरातीत कृत्रिम हात बसवलेली एक स्त्री सैनिक दिसली आणि एकच गदारोळ झाला. एका पक्षाने ‘विविधता’, ‘प्रतिनिधित्व’, ‘समावेश’ हे शब्द हाती घेतले. दुसऱ्याने ‘इतिहासाचा विपर्यास’, ‘लाड’ आणि ‘जबरदस्ती’ हे. इंग्रजी आणि हिंदी चित्रफितींतून हा वाद आमच्या मुलांच्या कानी पडतो आणि मुले त्याचे आपल्या भाषेत रूपांतर करतात. आमच्या युवक मंडळातला एक हुशार मुलगा एकदा सहज म्हणाला, "फादर, हल्ली गेममध्ये बाया आणि काळे घुसवतात." ‘घुसवतात’ हे क्रियापद वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याच्याशी आपली पुन्हा गाठ पडणार आहे.

आमची पिढी या खेळांना अगदीच अनोळखी नाही. १९९० नंतरच्या दशकात घरच्या माणसांबरोबर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला गेलो, की नाणे टाकून खेळावयाची यंत्रे ठेवलेल्या दुकानात आम्ही घटकाभर रेंगाळत असू. जपानच्या कॅपकॉम कंपनीचा १९९१ सालचा ‘स्ट्रीट फायटर २’ हा खेळ तेथे फार चाले. त्यात देशोदेशीचे मल्ल होते. भारताच्या वाट्याला आला होता धालसीम नावाचा योगी. हातपाय रबरासारखे लांबणारे, तोंडातून आगीचे लोळ, गळ्यात कवट्यांची माळ, आणि पाठीमागे हत्तींची रांग. आम्ही पाचसहा मुले, कोणी हिंदू, कोणी ख्रिस्ती, त्याच्याकडे पाहून पोट धरधरून हसत असू, कारण असला भारतीय आमच्यापैकी कोणी जन्मात पाहिला नव्हता. हसून झाल्यावर मात्र एक बारीकशी रुखरुख उरे. साऱ्या जगात आपल्या देशाचा एकच प्रतिनिधी, आणि तो असा!

दुसऱ्याने काढलेल्या आपल्या चित्राचा हा अनुभव गोव्याच्या माणसाला नवा नाही. हिंदी चित्रपटातला गोवेकर पाहा. गळ्यात क्रूस, हातात बाटली, पाठीमागे समुद्र आणि जिभेवर मोडकेतोडके हिंदी. २०११च्या जनगणनेप्रमाणे गोव्यात हिंदू शेकडा ६६ आणि ख्रिस्ती शेकडा २५. पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत तर आम्ही ख्रिस्ती अगदी थोडे. त्या चित्रात पेडण्याचा शेतकरी कोठेच नाही, आणि बाटलीला कधी न शिवलेला आमचा ख्रिस्ती शाळामास्तरही नाही. म्हणून कोणी म्हणाले, की ‘आमचे चित्र जरा नीट पाहून काढा’, तर त्या मागणीला आपण तरी हसू नये. नीट पाहिले म्हणजे काय होते, याचेही उदाहरण आहे. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ या राज्ये वसवण्याच्या खेळात आधी ‘भारतीय’ नावाचा एकच समाज होता. २०२२ साली त्याच्या जागी हिंदुस्तानी, बंगाली, द्राविड आणि गुर्जर असे चार समाज आले. जवळ जाऊन पाहणाऱ्याला एक शब्द पुरेनासा होतो. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी तर २०२० साली ‘राजी’ नावाचा खेळ स्वतःच काढला. आपल्या लहान भावाच्या शोधात राक्षसांशी लढणारी एक भारतीय मुलगी त्यात नायिका आहे. असला खेळ काढावयास त्यांनी कोणाची परवानगी मागितली नाही, आणि मागण्याचे कारणही नव्हते.

खेळात आपण ज्या पात्राच्या रूपाने वावरतो, त्याला इंग्रजीतही ‘अवतार’ असेच म्हणतात. हा शब्द खेळांच्या जगात आणणाऱ्यांत रिचर्ड गॅरियट हे एक प्रमुख नाव. त्यांच्या १९८५ सालच्या ‘अल्टिमा ४’ या खेळात कोणा दुष्टाचा वध करावयाचा नसतो. खेळणाऱ्याने आठ सद्गुण अंगी बाणवून ‘अवतार’ या पदाला पोहोचावयाचे असते. पेडण्याच्या लोकांना हा शब्द कोणी शिकवावयास नको. जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतारी मंडळी उभी राहतात, पखवाज आणि झांजा घुमू लागतात, आणि मिशा उतरवलेला एखादा गडी नऊवारी नेसून द्रौपदी होतो. तिच्या विलापाने पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या पदर डोळ्यांना लावतात. सकाळी तोच गडी खांद्यावर कुदळ टाकून काजूच्या बागेत निघालेला दिसतो. ‘तू द्रौपदी असल्याचा दाखला काय?’ असे त्याला कोणी विचारल्याचे आम्ही ऐकलेले नाही. सोंग वठले की नाही, एवढी एकच कसोटी तेथे चालते. वठले नाही तर प्रेक्षक बिड्या ओढावयास उठून जातात, आणि ते न्यायाचेच आहे.

मग व्हिडिओ गेमच्या वादात दाखल्याची आणि पुराव्याची भाषा येते कोठून? यासाठी अलीकडचेच एक प्रकरण सविस्तर पाहू. त्याचा आपल्या गोव्याशी जवळचा संबंध आहे.

युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा ‘असॅसिन्स क्रीड शॅडोज’ हा खेळ २० मार्च २०२५ रोजी बाजारात आला. सोळाव्या शतकातले जपान ही त्याची भूमी. त्यात नायक दोन, नाओए नावाची काल्पनिक जपानी तरुणी आणि यासुके नावाचा आफ्रिकी योद्धा. खेळाची घोषणा २०२४च्या मे महिन्यात झाली आणि तेव्हापासूनच यासुकेवर जगभर खल सुरू झाला. ‘जपानच्या इतिहासात काळा माणूस घुसवला’ असा ओरडा झाला. वस्तुतः यासुके इतिहासात होता, आणि त्याला जपानला नेणारे धर्मगुरू गोव्याहून निघालेले होते.

आलेस्सांद्रो वालिन्यानो हे इटालियन येशूसंघीय धर्मगुरू १५७४ साली गोव्यात उतरले. पूर्वेकडील मिशनांची पाहणी करण्याचे काम त्यांच्याकडे होते. पुढे मलाक्का आणि मकाव करीत ते १५७९ साली जपानला पोहोचले तेव्हा त्यांच्या पदरी एक आफ्रिकी माणूस होता. १५८१ साली क्योतो शहरात त्याला पाहण्यासाठी लोकांची झुंबड उडाली. ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराचा तर आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. अंगाला रंग लावला असावा, अशा संशयाने त्याने त्या माणसाला कमरेपर्यंत उघडे करून धुववून पाहिले. रंग काही उतरला नाही. पुराव्याची ही पहिली मागणी म्हणावयाची! हा वृत्तान्त लुईस फ्रॉइश या धर्मगुरूंच्या पत्रांतून आपल्याला कळतो, आणि तेही गोव्यात शिकून जपानला गेलेले. नोबुनागाने त्या माणसाला आपल्या सेवेत ठेवून घेतले. नोबुनागाच्या बखरीत त्याला तनखा दिल्याची नोंद आहे. बखरीच्या एका प्रतीत राहावयाचे घर आणि एक आखूड तलवार दिल्याचेही लिहिलेले आहे. दुसऱ्या एका सरदाराच्या रोजनिशीत त्याचे यासुके हे नाव आणि सहा शाकू दोन सून ही उंची सापडते. म्हणजे माणूस सुमारे १८८ सेंटीमीटर उंच होता. ‘सामुराई’ हा शब्द मात्र त्याच्याविषयी त्या कागदांत आढळत नाही, आणि सारा वाद याच एका शब्दापाशी येऊन अडला.

येथे न्यायाने बोलले पाहिजे. या खेळावर आक्षेप घेणारे सगळेच द्वेषाने बोलत होते, असे नव्हे. जपानमधल्या एका ऐतिहासिक पथकाचा ध्वज खेळाच्या चित्रात विनापरवाना वापरला गेला होता. त्याबद्दल कंपनीने माफी मागितली. २०२४च्या जुलैत तिने जपानी लोकांसाठी खुलाशाचे निवेदनही काढले. खेळात देवळातल्या वस्तूंची मोडतोड करता येत होती, यावर २०२५च्या मार्चमध्ये जपानच्या संसदेत प्रश्न विचारला गेला. आपल्या देवळाविषयी किंवा चर्चविषयी कोणी असे केले तर आपल्यालाही वाईट वाटेल. अशा आक्षेपांत नेमक्या वस्तूवर बोट ठेवलेले असते आणि त्यांना उत्तर देता येते.

परंतु याच मालिकेतला २००९ सालचा खेळ पाहा. त्याचा नायक लिओनार्दो दा विंचीने बनवलेल्या यंत्रावर बसून व्हेनिसच्या आकाशात उडतो, आणि शेवटी व्हॅटिकनमध्ये पोप सहावे अलेक्झांडर यांच्याशी चक्क ठोशांनी मारामारी करतो! या मुष्टियुद्धाचा कागद दाखवा, म्हणून कोणी जगभर काहूर उठवल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आमच्यासारखा धर्मगुरूही हसून सोडून देतो. खेळातले उडणे खोटे, मारामारी खोटी, नाओए खोटी, आणि ते सर्वांना चालते. ज्याच्या नावाचा, उंचीचा आणि तनख्याचा कागद खरोखर उपलब्ध आहे, त्या एकट्या माणसाकडे मात्र कागद मागितला गेला. इतिहासाचे प्रेम एवढे निवडक कसे, हे कोडे काही सुटत नाही.

यासुकेची कथा १५८२ साली संपते, आणि तिचा शेवटही शब्दांशीच निगडित आहे. अकेची मित्सुहिदे या सरदाराने दगा केला आणि नोबुनागाने आत्महत्या केली. यासुके नोबुनागाच्या मुलाच्या बाजूने लढला आणि अखेरीस तलवार खाली ठेवून शत्रूच्या हाती सापडला. याचे काय करावयाचे, असे अकेचीला विचारण्यात आले. त्याने सांगितले, की हा काळा म्हणजे जनावर, याला काही कळत नाही, शिवाय हा जपानी नव्हे. तेव्हा मारू नका, पाद्रींकडे पोहोचते करा. या शब्दांनी त्याचा जीव वाचला, आणि त्याच शब्दांनी त्याचे माणूसपण हिरावून घेतले. ‘तो आपल्यातला नव्हेच’ एवढे एकदा ठरले, की दया आणि अपमान एकाच वाक्यात सुखाने नांदतात.

आम्ही गोव्याच्या लोकांनी त्या जपानी सरदाराला नावे ठेवण्याची घाई करू नये. आफ्रिकी माणसाला ‘खाप्री’ म्हणण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. मूळचा अरबी ‘काफिर’ पोर्तुगीजांच्या तोंडी ‘काफ्र’ झाला आणि आपल्या तोंडी ‘खाप्री’. पोर्तुगीज अमलात आफ्रिकेतून माणसे गुलाम म्हणून गोव्यात आणली जात. १८६९ साली कायद्याने ती स्थिती रद्द झाली. येल्लापूर आणि हल्याळच्या रानांत राहणाऱ्या सिद्दी लोकांपैकी अनेकांचे पूर्वज याच वाटेने आले. त्यांच्यात ख्रिस्ती आहेत, हिंदू आहेत, मुसलमानही आहेत, आणि कोंकणी बोलणारे कितीतरी आहेत. ‘खाप्री’ म्हणताना या शेजाऱ्यांची आठवण कोणाला होत असेल? २०१३ साली पर्रा येथे एका नायजेरियन तरुणाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला, आणि त्या गदारोळात राज्याच्या एका मंत्र्याने नायजेरियन लोकांना कर्करोगाची उपमा दिली. पुढे त्यांनी खेद व्यक्त केला, हेही नमूद केले पाहिजे. तथापि बोललेला शब्द मागे घेता आला तरी ज्याने तो ऐकला त्याच्या कानातून तो काढता येत नाही.

खरे म्हणजे पुरावा मागितला जाणे म्हणजे काय, हे पेडणे-डिचोलीच्या माणसाइतके कोणाला कळावे? पोर्तुगीजांनी हा मुलूख अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात घेतला. पेडणे १७८८ साली. त्यांनी याला ‘नव्या काबिजादी’ असे नाव दिले. शेकडो वर्षे येथेच नांदत आलेली कुळे एका रात्रीत ‘नवी’ झाली, कारण नाव देणारा नवा होता. भाषेचेही तेच. कोंकणीला आपण भाषा आहोत याचा, आणि मराठीला आपण गोव्याच्या आहोत याचा पुरावा वर्षानुवर्षे द्यावा लागला. १९८७चा राजभाषा कायदा झाल्यावरही ती वादावादी पुरती शमली नाही. जो पुरावा मागतो तो जणू घराचा मालक ठरतो, आणि देणारा उंबरठ्यावर उभा राहतो. आमच्या ओळखीची कॉलेजात जाणारी एक मुलगी मोबाईलवर मुलाचे नाव घेऊन खेळते आणि ध्वनी बंद ठेवते. बाईचा आवाज ऐकला, की ‘खेळता येते का तुला?’ हा प्रश्न ठरलेला. मुलगा वाईट खेळला तर तो एकटा वाईट खेळतो. ती वाईट खेळली तर सगळ्या मुली वाईट खेळतात.

याच ठिकाणी, चांगल्या हेतूने बोलणाऱ्यांच्या भाषेविषयीही आमचे एक म्हणणे आहे. ‘त्यांना सामावून घ्या’, ‘त्यांचा समावेश करा’, हे शब्द सद्भावनेचे खरे. परंतु सामावून घेणारा कोण? घर कोणाचे? ‘घुसवले’ म्हणणारा आणि ‘सामावून घेतले’ म्हणणारा, दोघेही दार आपल्याच हाती आहे असे धरून चालतात. एक ते लावतो, दुसरा उघडतो. दार उघडणारा चांगला, यात शंका नाही. तरी आत येणाऱ्याला आयुष्यभर पाहुणाच ठेवणारा हा चांगुलपणा अपुरा आहे.

आमच्या धर्मग्रामात एक वृद्ध बाई आहेत. त्यांचे अर्धे आयुष्य नैरोबीत गेले. तेथे त्यांना ‘मुहिंदी’, म्हणजे हिंदी लोकांपैकी, म्हणत. परत आल्यावर गावाने त्यांना ‘आफ्रिकार’ हे नाव दिले. एकदा त्यांचा नातू संगणकावर ‘सिव्हिलायझेशन ४’ हा २००५ सालचा खेळ लावून बसला होता. खेळाच्या आरंभीच समूहगान लागते. बाई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अरे, हे तर आमचे मागणे!" आणि खरोखरच ते प्रभूने शिकवलेले मागणे होते, स्वाहिली भाषेत. क्रिस्टोफर टिन या संगीतकाराने त्याला ‘बाबा येतू’ असे नाव दिले आहे. २०११ साली त्याला ग्रॅमी पारितोषिक मिळाले, आणि व्हिडिओ गेमसाठी रचलेल्या संगीताला मिळालेले ते पहिलेच ग्रॅमी. ‘बाबा येतू’ म्हणजे ‘आमचा बाप’. ‘बाबा’ शब्दाचा अर्थ नातवाला विचारावा लागला नाही. त्या गाण्याला ‘घुसवलेले’ म्हणणे त्या घरात तरी कोणाला सुचले नसते.

आता त्या क्रियापदाकडे वळू. गेल्या वर्षी फेस्ताच्या निमित्ताने आमच्या युवक मंडळाने मोबाईलवरील फुटबॉलची स्पर्धा ठरवली. अर्ज तयार केला तो गावागावांच्या मैदानी स्पर्धेच्या जुन्या अर्जावरून. नाव, वय, वाडा, आणि शेवटी ‘मूळ गाव’. पंचवीस-तीस अर्ज आले. त्यांतल्या एकावर शेवटचा रकाना कोरा होता. तो अर्ज चौदा वर्षांच्या एका मुलाचा. त्याचा बाप विजापूरकडचा. तरुणपणी डिचोलीला खाणीचा ट्रक चालवावयास आला. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मग काही काळ सुरू झाल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या, आणि ते कुटुंब मोपाच्या विमानतळाच्या बांधकामावर पेडण्याला आले. २०२३च्या जानेवारीत विमानांची ये-जा सुरू झाली आणि बाप तेथेच कामावर राहिला. मुलाचा जन्म डिचोलीचा. कोंकणी तो आमच्याहून चांगली बोलतो. मंडळाने त्याचा अर्ज परत केला, रकाना भरून आण म्हणून.

तो आमच्याकडे आला आणि एखाद्या शब्दाचे ऱ्हस्वदीर्घ विचारावे तसे विचारू लागला, "फादर, तिथे काय लिहू? बाबाच्या गावी गेलो की ते मला गोंयकार म्हणतात. इथे घाटी म्हणतात."

संध्याकाळी आम्ही मंडळाची सभा बोलावली. अर्ज परत करण्याचा निर्णय त्या हुशार मुलाचाच होता. तो म्हणाला, "नियम सगळ्यांना सारखाच आहे, फादर. रकाना काढला तर उद्या बाहेरचे घुसतील." तेच क्रियापद! पडद्यावरच्या यासुकेसाठी शिकलेले, आणि आता शेजारच्या वाड्यातल्या पोरासाठी वापरलेले. मधले अंतर किती थोडे होते!

आम्ही त्याला विचारले, "तुझ्या मोबाईलवरच्या संघात गोल मारणारा कोण?"

"एम्बापे."

"त्याचे मूळ गाव?"

मुले हसली. तोही हसला. एम्बापे पॅरिसला जन्मला, बाप कॅमेरूनचा, आईचे घराणे अल्जीरियाचे, हे त्याला आमच्यापेक्षा अधिक ठाऊक होते. "तो फ्रान्सचाच, फादर," तो म्हणाला. मग आम्ही प्रत्येकासमोर एकेक कोरा अर्ज ठेवला आणि शेवटचा रकाना भरावयास सांगितले. पंधरा मिनिटे कोणी बोलेना. एकाचे आजोबा सावंतवाडीकडून आलेले, एकीची आई मुंबईत वाढलेली, एकाचे घराणे बार्देशातून दोन पिढ्यांपूर्वी येथे आलेले. सर्वांत बिकट अर्ज आमचाच निघाला. धर्मप्रांताच्या आज्ञेने दर काही वर्षांनी बिऱ्हाड हलवणाऱ्याने कोणते गाव लिहावे? त्या सभेत बसलेल्या कित्येकांपेक्षा त्या मुलाची नाळ या मातीत अधिक सरळ पुरलेली होती.

मते घेतली. रकाना काढावा असे पाच, ठेवावा असे तीन. एकमत झाले असे आम्ही लिहिणार नाही, कारण ते झाले नाही, आणि ठेवावा म्हणणाऱ्या तिघांत तो हुशार मुलगाही होता. स्पर्धेच्या दिवशी सोडतीत त्या दोघांचीच गाठ पडली. धाकटा तीन-एक असा हरला. सामना संपल्यावर थोरला त्याला म्हणाला, "अरे, पण तू डावी बाजू अशी उघडी का ठेवतोस?" आणि दोघे सभागृहाच्या पायरीवर बसून अर्धा तास डाव्या बाजूवरच बोलत राहिले. दशावतारातली कसोटी तेथे लागू झाली होती, सोंग वठले की नाही एवढीच. मूळ गावाचा विषय निघाला नाही.

वाचकहो, आपल्या घरातला मोबाईल काढून घ्या असे सांगण्यासाठी आम्ही हे लिहिलेले नाही. एखाद्या संध्याकाळी मुलाच्या शेजारी बसावे, त्याच्या संघात कोण कोण आहे ते विचारावे, आणि तो त्या माणसांविषयी कोणती क्रियापदे वापरतो ते ऐकावे. कोणाविषयी ‘आले’ म्हणतो आणि कोणाविषयी ‘घुसले’ म्हणतो, एवढे जरी टिपले तरी पुरे. ‘घुसले’ ऐकू आले तर रागावू नये. तोच शब्द आपण त्याच्या देखत कोणासाठी वापरला होता, हे आधी आठवून पाहावे.